मागचा एक्सल

आमच्या बाबांना जगात वजनाशिवाय दुसरं काही कळत नसे, आणि घरी आल्यावर वजनसुद्धा अर्धंच कळे. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द लिही, असं आई म्हणते. गोड शब्द माझ्याकडे नाहीत. जे आहे ते लिहिते.

मोठा रस्ता जिथे गोदामांकडे वळतो, तिथल्या वजनकाट्यावर ते बावीस वर्षं होते. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, शेजारी काचेची केबिन, आत लाल आकड्यांचा पडदा आणि सतत कुरकुरणारा पंखा. ट्रक वर चढायचा, आकडा थरथरून स्थिर व्हायचा, बाबा पावती फाडायचे. आकडा मनासारखा नसला की झाडून सगळे ड्रायव्हर एकच वाक्य बोलत. "काटा चुकतोय साहेब, पुन्हा मोजा." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं. "काटा खोटं बोलत नाही. तू बोलतोस." एवढ्या एका वाक्यावर त्यांनी बावीस वर्षं लोकांचा पाणउतारा केला आणि त्यांना रोज छान झोप लागली.

घरातही एक काटा होता. पार्सलं तोलायचा, गोदामातून मोडीत निघालेला. दर रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी तो मांडला जाई आणि आम्हा दोघी बहिणींना त्यावर उभं केलं जाई. मी पंधरा वर्षांची, धाकटी तेरा. मी सहासष्ट किलो, ती अठ्ठेचाळीस. माझं नाव पिंप, तिचं काडी. दोन्ही नावं बाबांनीच ठेवलेली. कॅलेंडरवर माझा आकडा लाल शाईने लिहिला जाई, तिचा निळ्या.

माझं जे काही होतं ते कमरेखाली होतं, मांड्यांवर न् कुल्ह्यांवर. शाळेच्या बाकात मी कशीबशी मावायची. धाकटीचे हात काड्या, पाय काड्या, पण मधे पोट. तिच्या स्कर्टचा हूक आईने वर्षात तीनदा पुढे सरकवला होता. बाबांनी कधी तिकडे पाहिलं नाही, कारण काट्यावर हूक दिसत नाही.

रविवारचा निकाल लागला की शिक्षा आणि बक्षीस ठरलेलं असे. माझ्या ताटातलं अर्धं जेवण परत पातेल्यात जाई, आणि बाबांची दुपारची पाळी असली की त्यांचा डबा अडीच किलोमीटर चालत मी पोचवायचा. "तेवढीच झिजेल," असं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. काडीला कोल्ड्रिंकची मोठी बाटली, वेफर्सचं पाकीट आणि दिवसभर पलंगावर लोळायची मुभा. मी तिचा राग राग करायची. हे आता लपवण्यात काही अर्थ नाही.

त्या वर्षी धाकटीची मान काळवंडली. केसांखाली, कॉलरच्या वर, जाडसर काळपट पट्टा उमटला. आईला वाटलं मळ. दर रविवारी ती पाय घासायच्या दगडाने ती मान घासायची आणि पोरगी न्हाणीघरात किंचाळायची. "स्वच्छतेच्या नावाने बोंब आहे तुझी," आई म्हणायची. मला बाहेर बरं वाटायचं. एकदा तरी ओरडा तिच्या वाट्याला आला, म्हणून.

मग शाळेत तपासणीला नर्सबाई आल्या. तोंड आंबट, बोलणं तिखट. त्यांनी वजनकाटा ढुंकून पाहिला नाही. आधी उंची घेतली, मग टेप कमरेभोवती. माझी कंबर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर भरली, उंचीच्या निम्म्याहून कमी. धाकटीची उंची एकशे बावन्न आणि कंबर ऐंशी. बाईंनी तिची मान पाहिली, बोटाने चाचपली आणि "हा मळ नव्हे, रक्तातली साखर बिघडत असल्याची खूण," असं पुटपुटल्या.

"हिला रक्त तपासायला आणा म्हणून सांग घरी," त्या चिठ्ठी लिहून माझ्या हातात देत म्हणाल्या.

"हिला? बाई, जाड मी आहे."

"डोळे आहेत मला. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, हिची बाहेर गेलीय. तुझी चरबी मांड्यांवर आहे. ती बरीचशी तिथेच पडून असते, फार त्रास देत नाही. हिची पोटात आहे, आतड्यांभोवती न् यकृतावर. ती गप्प बसत नाही, रक्तात उतरते. साखर बिघडवते, रक्तदाब चढवते, पुढेमागे हृदयाला गाठते. बारीक असण्यावर जाऊ नका." मग माझ्याकडे वळून, "आणि तू शेफारू नकोस. तूही पळायला हवंस. पण उपाशी राहून नव्हे. कोण ठेवतं तुला उपाशी?"

मी चिठ्ठी दप्तरात कोंबली.

चिठ्ठी बाबांनी दोनदा वाचली आणि हसले. "नावांची अदलाबदल केलीय त्या बाईने. अठ्ठेचाळीस किलोच्या पोरीला कसला आलाय आजार? झाला तर या पिंपाला होईल." चिठ्ठीचे चार तुकडे झाले. आईने ते गोळा करून केरात टाकले. बाबांसमोर तिच्या तोंडाला कायमचं कुलूप.

खरं सांगायचं तर मी आतून खूश होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की माझं नाही, तिचं चुकलंय. पण संध्याकाळी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. रविवारी घासून घासून सोललेल्या मानेतून पुन्हा रक्त आलं होतं. "ताई, मला काय झालंय गं?" तिने विचारलं. त्या प्रश्नाने माझी खुशी पार उतरली आणि मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी डबा घेऊन पोचले तर काट्यावर भांडण पेटलेलं. लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक उभा होता आणि त्याचा पिकल्या मिशांचा ड्रायव्हर हात नाचवत होता. "साहेब, एकूण वजन मर्यादेत बसतंय ना? मग सोडा की!"

"एकूण बसतंय," बाबा केबिनच्या दारातून गरजले, "पण सगळा माल मागे कोंबलायस. पुढची चाकं काट्यावरून खाली उतरव, मागच्या चाकांचा एक्सल एकटा मोजू." चाकं उतरली, आकडा आला, बाबांनी बोट रोखलं. "बघ! वजन किती याला काय जाळायचंय? ते ठेवलंय कुठे, ते बघायचं असतं. घाटात एक्सल मोडला म्हणजे सांगशील का, एकूण बरोबर होतं म्हणून?"

मी डबा घेऊन पुढे सरले. बावीस वर्षं हा माणूस परक्या ट्रकना हे शिकवत होता.

"बाबा," मी सगळ्यांदेखत ओरडले, "धाकटीचंही एकूण बरोबर आहे! तिचा मागचा एक्सल कधी मोजलात? लोखंडाची काळजी करता, पोरीची चिठ्ठी फाडता!"

त्यांनी खाडकन माझ्या मुस्कटात मारली. डबा पडला, झाकण घरंगळत ट्रकखाली गेलं. त्या ड्रायव्हरनेच झाकण उचलून आणलं. "साहेब," तो म्हणाला, "मी करतो माल पुढेमागे. पण पोरगी काय म्हणतेय ते ऐका तरी."

बाबांनी ऐकलं की नाही, देव जाणे. मंगळवारी मात्र त्यांनी रजा टाकली आणि आम्हा दोघींना इस्पितळात नेलं. धाकटीची उपाशीपोटीची साखर वर, रक्तदाब वर, यकृतावर चरबी. माझे रिपोर्ट ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. कोल्ड्रिंक बंद, चालणं सुरू, घरात सगळ्यांना एकच जेवण. आणि पोरींना आकड्यांवरून हिणवू नका." बाबा मान हलवत होते. शेवटचं वाक्य त्यांनी नक्कीच ऐकलं नाही.

कारण रविवारी काटा गायब होता आणि बाबांच्या हातात नवीकोरी टेप होती. धाकटी न्हाणीघराच्या दाराशी, माझ्या जागी, हात वर करून उभी. गालांवरून पाणी ओघळत होतं. कॅलेंडरवर तिच्या नावापुढे लाल पेन टेकलेलं. माणूस तोच होता, फक्त हत्यार बदललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेप हिसकावली.

"आधी तुम्ही."

"माझं वजन बावीस वर्षांत चौसष्टच्या वर गेलेलं नाही."

"वजन विचारलंच नाही मी."

त्यांचेही हात काड्या होते. पट्टा पोटाखाली बांधलेला, पोट शर्टाच्या बटणांना ताण देणारं. धाकटीचं पोट कुठून आलं, हे इतकी वर्षं आमच्या घरात पेपर वाचत बसलेलं होतं. ते मागे सरकले नाहीत, का कोण जाणे. मी टेप त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. उंची एकशे चौसष्ट, म्हणजे निम्मे ब्याऐंशी. मी आकडा मोठ्याने वाचला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. "अठ्ठ्याण्णव."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबा टेपकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. हा असला चेहरा मी केबिनच्या काचेबाहेर शेकडो वेळा पाहिला होता.

"टेप चुकतेय," ते म्हणाले. "पुन्हा मोज."

धाकटीने डोळे पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णवच भरलं.