शाळेत बाई म्हणायचं

पहिलीच्या बाईंना जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या एका पोराचं नाक पुसत होत्या. हेडसर धापा टाकत वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, मिळाला!" बाईंना वाटलं, सकाळपासून हरवलेला कुणाचा तरी डबा मिळाला. "कुठे होता?" त्यांनी विचारलं. हेडसरांनी कपाळावर हात मारून घेतला.

जिल्ह्यात सरकारी शाळा शेकड्याने, शिक्षक हजाराने, आणि पुरस्कार बोटावर मोजण्याइतके. पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या, म्हणजे अगदी निघता निघता हे कौतुक पदरात पडत होतं. पण कौतुक काही आयतं आलं नव्हतं. पहिलीला शिकवणं सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जूनच्या पहिल्या दिवशी त्या वर्गात उभं राहून बघावं. निम्मी पोरं भोकाड पसरून बसलेली, उरलेली त्यांच्याकडे बघून पसरायच्या बेतात, एक दाराशी, एक बाकाखाली. बाई आत यायच्या, काही न बोलता फळ्यावर एक मोठं मांजर काढायच्या आणि त्याला मिशा काढायच्या विसरायच्या. रडणाऱ्यांतलं कुणीतरी नाक ओढत म्हणायचं, "मिशा राहिल्या." झालं, त्या दिवसापासून तो वर्ग बाईंचा.

त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल वाचता न येता दुसरीत गेलं, असं कधी घडलं नाही. ध आणि घ यांच्यात गोंधळणारी, म उलटा काढणारी, बोलताना अडखळणारी, सगळी मार्गाला लागली. आणि वर्षातून दहावीस वेळा तरी एखादं पोर लिहिण्यात गुंग असताना चुकून हाक मारायचं, "आई, माझी पेन्सिल मोडली." मग सगळा वर्ग खी खी करायचा, ते पोर कानापर्यंत लाल व्हायचं, आणि बाई जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणायच्या, "आण इकडे, बाळा."

परक्या पोरांना ही मुभा होती. स्वतःच्या लेकीला मात्र नव्हती.

लेक पहिलीत आली तेव्हा शाळेत पहिलीचा एकच वर्ग होता, त्यामुळे ती आईच्याच वर्गात बसली. पहिल्याच महिन्यात चित्रांच्या स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. चित्र खरंच चांगलं होतं, शिवाय निवड दुसऱ्याच शिक्षकांनी केली होती. पण फाटकाशी एका मुलाची आई दुसरीला म्हणाली, "मिळणारच की. घरचंच दुकान." बाईंनी ते ऐकलं. बाई मानी होत्या आणि तेव्हा तरुणही होत्या. तरुण माणसाचा मानीपणा फार महाग पडतो, आणि किंमत दुसराच कुणीतरी चुकवतो.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर बसवून सांगितलं, "शाळेत मी तुझी आई नाही. शाळेत मला बाई म्हणायचं. सगळ्यांसारखं, अहो म्हणायचं. कळलं?"

"आणि घरी?"

"घरी आई."

नियम साधा होता. पण सहा वर्षांच्या जिवाला तो नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. फाटकाबाहेर पडल्यावर ती "आई" म्हणाली, तर बरोबर वर्गातली चार पोरं चालत होती. बाईंनी नुसतं तिच्याकडे बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, तर कच्च्या मुलांना बाई संध्याकाळी घरी बोलवायच्या, आणि ती पोरं स्वयंपाकघराच्या दाराशी पाट्या घेऊन बसलेलीच. बाईंनी पुन्हा बघितलं. एकदा मैदानात पडून गुडघा फुटला तेव्हा ती "आई" म्हणून किंचाळली. बाईंनी जखम धुतली, फडकं बांधलं, आणि हळूच कानात म्हणाल्या, "काय म्हणायचं ठरलंय आपलं?" शेवटी पोरीने आपल्यापुरता मार्ग काढला. बाई म्हटलं की कुठेच चुकत नाही, मग बाईच म्हणावं. शाळेत, रस्त्यात, घरात, झोपेत, तापात, सगळीकडे.

त्याच वर्षी तो प्रसंग घडला, जो हेडसर पुढे मीठमसाला लावून सांगत राहिले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि बाई एकेकाला उभं करून विचारत होत्या. अ कशाचा, आ कशाचा. आ आला तो नेमका लेकीच्या वाट्याला. तक्त्यावर आईचं चित्र होतं, पदर घेतलेल्या, हसऱ्या आईचं. लेकीने चित्राकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि म्हणाली, "आ आगगाडीचा, बाई."

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं. "शाब्बास! हिने बघा, निराळा शब्द शोधला." मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत ते अभिमानाने सांगितलं. तेव्हा शिक्षक म्हणून नवीनच लागलेले हेडसर म्हणाले होते, "याला म्हणतात शिस्त!" आणि बाईंना ते खरं वाटलं होतं.

नवरा होता तोवर हे तितकंसं बोचलं नाही. तो विमा कचेरीत कारकून होता, गमत्या, बोलघेवडा. लेक त्याला अरे-तुरे करायची, त्याच्या गळ्यात पडायची, आणि घरातली सगळी बोलणी त्याच्या मार्फत चालायची. "बाबा, बाईंना सांग, मला उशीर होईल." तो बाईंकडे वळून मान वाकवायचा. "बाई, आपली विद्यार्थिनी उशिराने येणार आहे, परवानगी असावी." तिघंही हसायची. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि मग कळलं की तो मधली भिंत नव्हता, मधला दरवाजा होता. तो गेल्यापासून लेकीचे फोन आले ते असे: "बाई, गोळ्या घेताय ना? बाई, गॅस बंद केलात ना?" काळजी सगळी होती. पण शेजारच्या म्हातारीची करावी तशी.

एकदाच, फक्त एकदा, बाईंनी तिच्या तोंडून आईला मारावी तशी हाक ऐकली होती, पण तीही तसलीच. लेक बाळंत होत होती आणि बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आतून इतर बायकांचं "आई गं, आई गं" ऐकू येत होतं. मग लेकीचा आवाज आला, "बाई गं!" नर्सला त्यात काही वावगं वाटलं नाही, कळवळताना बायका असंही म्हणतात. पण बाईंना कळलं की आत आपल्यालाच हाक मारली आहे. त्या उठून दारापर्यंत गेल्या. दार बंद होतं.

तर आता पुरस्कार. समारंभाची रीत अशी होती की प्रत्येक शिक्षकाच्या घरच्या माणसाने दोन शब्द बोलायचे. हेडसरांनी परस्पर लेकीला फोन करून ठरवूनही टाकलं. बाईंना कळलं तेव्हा त्यांच्या मनात एक आशा उगवली, आणि उगवली ती गेलीच नाही. मंचावरून, सगळ्यांसमोर, "माझी आई" असं ती म्हणेल. बोलताना म्हणावंच लागेल, दुसरं काय म्हणणार? पुरस्काराचं काय एवढं, तो मिळाला नसता तरी त्यांचं काही अडलं नसतं. पण या एका शब्दासाठी त्यांनी नवी साडी घेतली.

आदल्या दिवशी त्यांनी धीर करून फोन केला.

"उद्या काय बोलणार आहेस गं?"

"हेडसरांनी सांगितलंय ना. तो आगगाडीचा किस्सा."

"तो राहू दे. तुला वाटेल ते बोल."

"वाटेल ते म्हणजे, बाई?"

"म्हणजे... तुझ्या मनातलं."

फोनमधून कागद ओढल्याची सळसळ ऐकू आली. मग लेक म्हणाली, "बरं. नीट तयारी करून येते."

पोरांना हात धरून अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बाईंना, हे कसं गिरवून घ्यावं ते सुचलं नाही. त्यांनी फोन ठेवला.

सभागृहात कापडी खोळी घातलेल्या खुर्च्या होत्या आणि माइक मधूनच शिट्टी मारत होता. लेक कामावरून थेट आली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, हातांना अजून जंतुनाशकाचा वास येत होता. जावई आणि नातू आले नव्हते, लेकीच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून. "आईजवळ कुणीतरी पाहिजे ना," लेक सहज म्हणून गेली. सासूला ती पहिल्या दिवसापासून आई म्हणायची, आणि सासूनेच हट्ट धरला म्हणून अगं-तुगंही करायची. बाईंचा नवरा म्हणायचा, "लोकांच्या घरी आई ती आई आणि सासू ती सासूबाई. आमच्याकडे सगळा उलटा कारभार!" तेव्हा त्यावरही हसायचीच सगळी.

बाईंचं नाव पुकारलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी गळ्यात पदक घातलं आणि मानपत्र वाचलं. "विद्यार्थ्यांमध्ये कधीही आपपरभाव केला नाही. पोटच्या मुलीलाही त्यांनी वर्गात इतरांसारखंच वागवलं." टाळ्या पडल्या. मग लेकीला बोलावलं.

ती माइकसमोर उभी राहिली, पाठीचा कणा ताठ, हात कपड्यांच्या शिवणीला लावलेले, अगदी पहिलीत शिकवलं होतं तशी.

"मी बाईंची विद्यार्थिनी," तिने सुरुवात केली.

बाईंनी पदक मुठीत धरलं. अजून बोलणं पुढे होतं. अजून म्हणेल.

ती फार छान बोलली. खोटं एक अक्षर नव्हतं. बाईंनी मला वाचायला शिकवलं, म्हणाली. आज रोज ज्या चिठ्ठ्यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात त्या मी न चुकता वाचते, ते बाईंमुळे. मग तिने आगगाडीचा किस्सा सांगितला. सभागृह खो खो हसलं. अधिकारी हसले, हेडसरांनी तर डोळे पुसले. हसू थांबेपर्यंत ती थांबली, आणि त्या थांबण्यात तिने बाईंकडे बघितलं. तोंड उघडलं. बाईंना दिसलं की ती काहीतरी म्हणू पाहतेय, अगदी ओठांवर आलंय. मग तिने माइक सरळ केला आणि म्हणाली, "अशा बाई सगळ्या मुलांना मिळोत."

टाळ्या थांबता थांबेनात. ती शेजारी येऊन बसली.

"चुकलं नाही ना काही?" तिने हळूच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "एकही चूक नाही."

कार्यक्रम संपल्यावर माणसांची ही गर्दी झाली. कुणी पाया पडत होतं, कुणी फोटो काढत होतं. एक उंचापुरा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही मला आईसारख्या," आणि बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांतून वाट काढत त्या बाहेरच्या पायऱ्यांपाशी आल्या आणि कठड्याला धरून उतरू लागल्या. लेक मागे होती.

"आई, थांब ना गं जरा!"

बाई जागच्या जागी थांबल्या. इतकी वर्षं कुठे होती ही हाक? त्या वळल्या, आणि वळता वळता त्यांच्या तोंडून निघालं, "काय गं बाळा?" सगळा चेहरा उजळला होता त्यांचा, हात पुढे झाला होता.

लेक दोन पायऱ्या वर उभी होती. कानाला फोन. "एकटी उठू नकोस," ती फोनमध्ये सांगत होती, "मी आले की..." आणि मग तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावर पडली.

बाजूने माणसं उतरत होती. बाईंनी हात मागे घेतला आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या, त्या नीटच होत्या.

"फोनवर होते," लेक म्हणाली. "आई... म्हणजे, सासूबाई. एकट्याच उठायला निघाल्या होत्या."

"हो, हो. मला वाटलं, पायरीचं सांगतेस." बाई हसल्या. "बोल तू. त्यांना ताटकळत नको ठेवूस."

लेकीने मान हलवली. बाईंच्या समोर तो शब्द पुन्हा उच्चारायला नको, म्हणून ती आणखी दोन पायऱ्या वर गेली, पाठमोरी झाली आणि फोन कानाला लावून अगदी बारीक आवाजात बोलू लागली. पण पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुजही बाईंना ऐकू यायची. त्यांना सगळं ऐकू आलं.