विहिरीच्या ठरावावर कोणाचा हात वर होता

कल्याणहून वामनरावचे पाकीट गुरुवारी सकाळी आले, तेव्हा बातम्यांच्या पानात अकरा ओळींची जागा उरली होती. म्युनिसिपालिटीची मिटिंग बुधवारी असे. मिटिंग झाली की तो आपली टिपणे पाकिटात घालून ठाण्याच्या गाडीच्या गार्डाकडे देई आणि आमचा शिपाई ती स्टेशनवरून आणी. त्या टिपणांची बातमी मी करी. आमच्या साप्ताहिकात माझे कामच ते होते. बाहेरून आलेला मजकूर नीट लिहून काढायचा, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडे द्यायचा आणि त्याने काढलेले प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा कच्चा उतारा, तपासायचे. शुक्रवारी छपाई, शनिवारी अंक.

टिपण आखूड होते. खाडीकडच्या आळीत विहीर बांधण्याचा ठराव एका मताने पडला होता. बाजूने पाच, विरुद्ध सहा. बापूसाहेब वकिलांचा हात बाजूने वर, भिकाजीपंतांचा विरुद्ध. फरक एकाच मताचा, म्हणून प्रेसिडेंटसाहेबांनी ठराव पुढल्या बुधवारी पुन्हा घ्यायला परवानगी दिली होती.

मी ते दोनदा वाचले. माझा विश्वास बसला नाही.

हे दोघे मेंबर कोण ते सांगतो. म्युनिसिपालिटीत निवडून आलेली माणसे बसू लागली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. खाडीकडच्या आळीला पाण्यासाठी तलावापर्यंत चालावे लागे. दोघांनीही निवडणुकीच्या वेळी तिथे विहिरीचा शब्द दिला होता. बापूसाहेब टांग्यातून आले. गोरेपान, घारे डोळे, उंच बांधा. त्यांच्याविषयी कल्याणात एकच वाक्य ऐकू येई: मेंबर शोभतो. ते मिटिंगमध्ये काय बोलतात, हे विचारले तर कोणालाच सांगता येत नसे. भिकाजीपंत कचेरीतले पेन्शनर कारकून. ठेंगणे, काळे आणि चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. ते आळीत घरोघर पायी हिंडले होते आणि कसेबसे निवडून आले होते.

नवऱ्या मुलाचा रंग बघावा तसा लोक मेंबरचा रंग बघत. मला ते तेव्हा खटकत असे आणि आजही खटकते. पण खटकण्याचे कारण केवळ सार्वजनिक हिताचे होते असे लिहिले, तर ते खोटे होईल.

मला सहाव्या वर्षी देवी आल्या. गाल आणि नाक मिळून एकही जागा मोकळी राहिली नाही. माझ्यासाठी स्थळ बघताना मामा आधी माझे अक्षर दाखवीत, मग माझी नोकरी सांगत आणि मला शेवटी बोलावीत. छापखान्यात मी वामनरावच्या दोन वर्षे आधी लागलो. कल्याणच्या मिटिंगा मला मिळतील असे मी धरून चाललो होतो. त्या वामनरावला मिळाल्या. तो नाकीडोळी नीटस, हसरा, आणि पांढरी बाराबंदी त्याच्या अंगावर दोन दिवस पांढरी राहत असे. मी आमचे मालक आणि संपादक तात्या यांना कारण विचारले.

"मेंबरांच्या शेजारी बसायचं असतं," तात्या म्हणाले. "चार मोठी माणसं येतात. जाणारा माणूस जरा बघण्यासारखा हवा."

"आणि लिहिण्याचं?"

"ते तुम्ही आहातच की इथं."

हे तात्या वाईट हेतूने बोलले नाहीत. त्यांना ती स्तुती वाटत होती. दर बुधवारी वामनराव गाडीला जाई, मी त्याच्या बाराबंदीकडे बघे आणि प्रूफ वाची. त्याच्या टिपणात चूक सापडली की माझा दिवस बरा जाई. अशा चुका कमी सापडत, याचाही मला राग होता.

मिटिंगनंतर तो बापूसाहेबांच्या ओटीवर चहा घेतो, हे मला ठाऊक होते. तोच सांगे. तेव्हा टिपण वाचून मी हिशेब मांडला. एका देखण्या माणसाने दुसऱ्या देखण्या माणसाला सांभाळून घेतले आहे आणि दोष कुरूप माणसाच्या माथी मारला आहे. हा हिशेब मला इतका आवडला की त्यात दुसरी काही शक्यता असेल असे वाटलेच नाही.

वामनरावला विचारण्याची सोय नव्हती. तो दुसऱ्या कामासाठी परस्पर भिवंडीला गेला होता आणि शनिवारी परतणार होता. मी तात्यांना सांगितले की मतांबद्दल शंका आहे, कल्याणला जाऊन येतो. ते म्हणाले, जा.

कोणी कसे मत दिले हे मिनिटबुकात असते. मिनिटबुक म्हणजे सभेची नोंदवही. हात वर झाले की हेडक्लार्क नावे लिहितो, वाचून दाखवतो आणि खाली प्रेसिडेंटची सही होते. त्याच्यापुढे कोणाचे बोलणे चालत नाही. मी म्युनिसिपालिटीत गेलो. हेडक्लार्क म्हणाले, "वही साहेबांकडे सहीला गेली आहे. तीन वाजता या."

माझी गाडी दोनची होती. पुढली साडेचारची. थांबलो असतो तर काहीही बिघडणार नव्हते. मी भिकाजीपंतांकडे गेलो.

त्यांनी मला पाट दिला, गूळपाणी दिले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारले, "कितव्या वर्षी?"

"सहाव्या."

"मला नवव्या. दोन भाऊ गेले, मी राहिलो."

मला वामनराव किंवा तात्या यांच्यापैकी कोणीही हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी मतदानाचे विचारले. ते सरळ म्हणाले की आपण हात बाजूने वर केला होता, वकीलसाहेबांचा हात वर आला नाही.

"पण आमच्या माणसानं उलट लिहिलंय."

"लिहिणारच. आपल्यासारख्याच्या हाताकडे कोण बघतंय, गोविंदराव? लोकांचे डोळे सगळे तिकडे."

ते वाक्य मी स्वतःच लिहिले असते तर याहून वेगळे लिहिले नसते. मी उठलो.

स्टेशनकडे जाताना तलावापाशी खाडीकडच्या आळीतल्या बायका भेटल्या. त्यांच्यातली हिराबाय नावाची बाई पुढारी दिसली. डोईवर दोन हंडे, एक काखेत, आणि त्या भाराने तिची मान एका बाजूला कायमची कलली होती. तिने मला छापखान्याचा माणूस म्हणून ओळखले. ठराव पडल्याचे तिला कळले होते, कोणामुळे ते कळले नव्हते. बाकीच्या बायका म्हणत होत्या की वकील किती देखणा, तो असे करायचा नाही. हिराबायने त्यांना गप्प केले.

"गोरा का काला, आमाला काय करायचा? हात कोनी वर केला नाय तेवरा सांगा. त्याच्या दारात जाऊन बसतो."

मेंबरला जाब कसा विचारावा यावर मी पुढे बरेच लेख वाचले. त्या बाईने सांगितले त्याहून जास्त त्यात फारसे काही नव्हते. ती माझ्याकडून एकच गोष्ट मागत होती, एक नाव. पुढल्या बुधवारपर्यंत त्या एका माणसाचा हात फिरवता आला तर विहीर होणार होती.

मी म्हणालो, "शनिवारी अंकात येईल."

छापखान्यात प्रूफ तयार होते. कंपोझिटर सखारामने वामनरावच्या टिपणाप्रमाणे नावे लावली होती. मी दोन्ही नावांची अदलाबदल केली. सखाराम थोडा वेळ कागद धरून उभा राहिला.

"वामनरावांनी उलट लिहिलंय. मी बघून लावलंय."

"मी चौकशी करून आलोय. बदला."

त्याने बदलले. मग मी एक ओळ वाढवली. चेहरा बघून मत देणाऱ्यांनी आता रिकामे हंडे बघावेत, अशा अर्थाची ती ओळ होती. लिहिताना मला फार बरे वाटले. तेवढ्यासाठी दुसऱ्या बातमीतल्या दोन ओळी मी कापल्या.

शनिवारी वामनराव भिवंडीहून आला, उभ्या उभ्या अंक वाचला आणि माझ्या टेबलापाशी आला.

"हे तुम्ही बदललंत?"

"हो. मला वेगळं कळलं."

"मी समोर बसलो होतो, गोविंदराव."

समोर बसण्याचाच तर मला राग होता. मी म्हणालो, "समोर बसणाऱ्याला सगळं दिसतंच असं नाही."

"मिनिटबुक बघितलंत?"

"गरज पडली नाही."

तो आणखी काही बोलेल असे वाटले. तो तात्यांकडे जाईल असेही वाटले. तो हात धुऊन आपल्या कामाला बसला. त्या क्षणी मी उठून कल्याणची गाडी धरली असती, तर अजून चार दिवस हातात होते. मी विचार करत बसलो तो असा की, हा तक्रारही करत नाही, म्हणजे स्वतःला केवढा मोठा समजतो.

सोमवारी खाडीकडची आळी बापूसाहेबांच्या दारात जाऊन बसली. बायकांनी रिकामे हंडे ओटीवर मांडले. वकील बाहेर आले, आपला हात वर होता असे सांगू लागले. कोणीतरी आमचा अंक त्यांच्यापुढे धरला. बायका दिवसभर उठल्या नाहीत. कोर्टात जाणारे पक्षकार हसत गेले. भिकाजीपंतांच्या दारात कोणी फिरकले नाही. आळीच्या लेखी ते भले माणूस होते.

बुधवारी ठराव पुन्हा आला. बापूसाहेब मिटिंगला गेलेच नाहीत. बाजूने चार, विरुद्ध सहा. आता तोच ठराव वर्षभर आणता येणार नव्हता.

गुरुवारी बापूसाहेब ठाण्याला आमच्याकडे आले. ते खरोखर देखणे होते. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि तात्यांना विचारले, "हे लिहिण्याआधी आपल्याकडच्या कोणी मिनिटबुक पाहिलं होतं का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितले. मग उठून, छापून झालेले कागद ज्या तारेत ओवून ठेवतात ती तार काढली, वामनरावचे टिपण शोधले आणि अंकाशेजारी ठेवले.

"हे बदललं कोणी?"

"मी," मी म्हणालो. "भिकाजीपंतांनी स्वतः सांगितलं."

"ज्याचं मत तपासायचं, त्यालाच विचारलंत?"

वामनराव खोलीतच होता. त्याने मान वर केली नाही. तो हसला असता तर मला सोपे गेले असते.

त्याच दिवशी तात्यांनी मला कल्याणला पाठवले. हेडक्लार्कांनी वही उघडून दिली. पहिल्या मिटिंगच्या पानावर नावे वामनरावने लिहिली तशीच होती. खाली साहेबाची सही. शेजारी विहिरीच्या जागेचा नकाशा डकवलेला होता. विहिरीसाठी परसातली एक पट्टी जाणार होती आणि ते परस भिकाजीपंतांचे होते. हा नकाशा त्या गुरुवारीही तिथेच होता. तीन वाजता.

बापूसाहेबांनाही मी या प्रकरणातून मोकळे सोडणार नाही. बायका चुकीच्या दारात बसल्या हे खरे, पण रुसून घरी बसायला त्यांना कोणी मेंबर केले नव्हते. हे मी तात्यांना म्हटले. तात्या म्हणाले, "खरं आहे. पण ते लिहायचा अधिकार या आठवड्यात आपल्याला नाही."

खुलासा मीच लिहिला. बातमीदाराचे टिपण बरोबर होते, ते कचेरीत बदलले गेले, दोन्ही मेंबरांची मते उलटी छापली गेली. तात्यांनी तो पहिल्या पानावर घातला. छपाईआधी प्रूफ वामनरावकडे दिले. त्याने एक स्वल्पविराम घातला आणि परत केले. तो स्वल्पविराम तिथे हवाच होता. मला त्याचाही हेवा वाटला.

तात्यांनी मला कामावरून काढले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की आळीत वाचता येणारे फार नाहीत, तेव्हा खुलासा तिथे जाऊन वाचून दाखवा.

शनिवारी मी तलावापाशी उभा राहून वाचला. बायका भरलेले हंडे खाली ठेवून ऐकत होत्या. वाचून झाले. मग हिराबायने विचारले, "मंजे आमी भलत्याच दारात बसलो?"

"हो."

"आनि जो खोटा बोलला, त्याला आमी रस्त्यात राम राम घालतो."

"हो."

तिने माझ्याकडे नीट बघितले. "तुमी छापनारी मानसं. आमी तोंड बगून भुलतो म्हनून हसलात पेपरात. तुमी काय बगून लिवला?"

मी सांगितले की मीही तोंडच बघितले होते. हंडे डोईवर चढवायला तिने शेजारणीला हाक मारली आणि आळीच्या वाटेला लागली.

विहीर तीन पावसाळ्यांनी झाली, भिकाजीपंत निवडणुकीत पडल्यावर. वामनराव त्याआधीच मुंबईच्या एका पत्रात गेला आणि कल्याणच्या मिटिंगा माझ्याकडे आल्या. मेंबर कोणत्या रंगाचे आहेत, याने अजून लोकांचे मत हलते. माझेही हलते, फक्त उलट्या दिशेने. त्यावर मला औषध सापडलेले नाही. म्हणून मी मिटिंगमध्ये हात मोजतो, मग थांबून वही मागतो आणि वही सहीला गेली असेल तर तीन वाजेपर्यंत बाकावर बसून राहतो. जाब विचारायचा तर आधी माणूस बरोबर धरावा लागतो.