कळलं?

आत्ताच पाहिलंय, म्हणून लगेच लिहून टाकते. माझ्यासोबत पीएचडी करणारी स्नेहल रिकाम्या वर्गात शिकवायचा सराव करत होती. अकरा वाजता तिचा आयुष्यातला पहिला तास, एफवायच्या वर्गावर. दर दोन मिनिटांनी ती बाकांकडे वळून विचारायची, "कळलं?" आणि एक श्वास घेऊन पुढे जायची. बाक बिचारे फार समजूतदार.

मला वैतागच आला. तिचा नाही, सगळ्याचाच. लॅबमधल्या मायक्रोस्कोपला हात लावू देण्याआधी आम्हाला महिनाभर शिकवलं होतं. साठ मुलांपुढे पाठवताना मात्र आमच्या गाइड सरांनी सिलॅबसची झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत युनिट संपव." शिकवायचं कसं, ते कुणी सांगितलंच नाही.

तिनं परत विचारलं, "कळलं?"

मागच्या बाकावरून मी म्हटलं, "नाही."

"गप गं. वर्गात असं कुणी म्हणत नसतं."

खरंच नसतं म्हणत. आम्हीही पाच वर्षं काही न कळता माना डोलावल्या आणि शिकवणारे पुढे गेले. शिकवणं म्हणून आम्ही एवढंच तर पाहिलंय. आता आम्हीही तेच करणार, आणि समोरची साठ मुलं माना डोलावणार.

स्नेहलनं खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "पण समजा, म्हणालंच कुणी, तर काय करायचं गं?"

तासाला दहा मिनिटं उरली होती आणि मलाही ते माहीत नव्हतं.