अर्ध्या तासानंतरची सही
बाबा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून आम्ही लखनौच्या विकास नगरात. पडलो तरी नाक वर, हा त्यांचा बाणा. त्यांनी कधी चूक कबूल केल्याचं आमच्या घरात तरी कुणाला आठवत नाही.

कॉलनीच्या शिबिरात लस घ्यायला तेच मला घेऊन गेले. सुई टोचल्यावर अर्धा तास बसायचं आणि मग कागदावर तब्येत लिहायची, असा तिथला नियम. माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या.

"बाबा, उँगलियाँ सुन्न हो रही हैं," मी म्हटलं. घरात ते मराठी बोलतात, मी हिंदीत उत्तर देते.

"अगं, सुईला घाबरलीस तू. मागे लाइन बघ केवढी आहे." आणि कागदावर त्यांनीच लिहून टाकलं, 'कोई शिकायत नहीं', म्हणजे काही तक्रार नाही. खाली सही ठोकली. नोकरीत जन्मभर त्यांनी असेच शेरे मारले होते.

आठवड्याभरात माझा उजवा हात कोपरापासून लुळा पडला. असं फार क्वचित होतं, पण हे लसीमुळेच, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. आम्ही भरपाईचा दावा लावला. पुढचे सगळे उपचार त्याच्यावरच अवलंबून होते.

लखनौतच, हजरतगंज भागात सुनावणी झाली. समोरच्या वकिलाने नेमका तो कागद काढला. "शिकायत ही नहीं थी, तो दावा कैसा?"

आता बाबा नियम सांगत बसतील, नाहीतर शिबिरातल्या नर्सवर ढकलतील, याची मला खात्री होती.

ते उठले. "साहब, दस्तख़त मेरे हैं. बिटिया ने उसी वक़्त बताया था, मैंने चुप करा दिया. ग़लती मेरी है. वैक्सीन से मुझे कोई बैर नहीं, इसके बाद अपनी दूसरी डोज़ मैंने ख़ुद ली. पर इसका हाथ सच में गया है."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. परक्या माणसांसमोर आपल्याच सहीवर काट मारणारे हे बाबा मी कधी पाहिलेच नव्हते. तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दावा मंजूर झाला.

मी आता डाव्या हाताने सही करते. बँकेत, दवाखान्यात, कुठेही कागद पुढे आला की बाबा आधी त्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "काही तक्रार आहे का गं?" मग मी उत्तर देईपर्यंत थांबतात, मागे लाइन कितीही असो.