डाव्या हाताचे घट्टे

माझ्या धाकट्या भावाने गिटार हातात घेतली तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि पहिले सहा महिने त्याने जो आवाज काढला त्याला वाजवणं म्हणायची माझी तयारी नाही. तार बोटाने ताणून स्वर वर चढवायचा असतो म्हणे. याचा स्वर अर्ध्या वाटेत अडकायचा आणि तिथेच विव्हळत बसायचा. वहिनीने दुसऱ्याच आठवड्यात फर्मान काढलं, "हे घरात नको." मग ती ब्याद जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्यात आली आणि माझ्या कानाशी बसली.

कारखाना कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून आम्ही खोटे दात बनवतो. सगळीकडे प्लास्टरची भुकटी आणि डोक्यात जाणारा एक उग्र वास. कवळी भाऊ घडवायचा, शेवटचं पॉलिश मी करायचे. त्याच्या तोडीचा कारागीर आमच्याकडे दुसरा नव्हता, आणि हे मी बहीण म्हणून सांगत नाही. उजव्या हातात घासायचं यंत्र धरून तो डाव्या हाताची बोटं कवळीच्या आतून फिरवायचा. केसाएवढी कड राहिली तरी बोटाला कळायची. तेवढीच कड तोंडात गेली की हिरडी सोलून काढते, माणसाला पाणी गिळवत नाही. कवळीबरोबर घडवणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी जाते. त्याच्या सहीची कवळी तक्रार घेऊन कधी परत आली नव्हती.

कॉलेजात असताना शेजारच्या खोलीत एका बँडची तालीम चालायची आणि हा दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. जुन्या रॉकची गाणी. त्यात मधे गाणारा गप्प होतो आणि एकच गिटार पुढे येऊन बोलते, त्याला लीड म्हणतात. मागे उरलेले सगळे नुसता ताल धरून कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, वाजवत राहतात, तो रिदम. "ताई, एकदा ते मधलं वाजवायचंय," तो मला म्हणाला होता. "लोकांसमोर. एकदाच." या माणसाने जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून मी ते विव्हळणं सहन केलं.

सहन झाले नाहीत ते त्याच्या गिटारच्या क्लासचे सर. पन्नाशीचा बाप्या, शर्टाची तीन बटणं उघडी, केसांची शेपटी, आणि बोलताना ओठांच्या कोपऱ्यात साचणारा पांढरा फेस. भाऊ लीडचं नाव काढायचा की ते त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे. "अरे, रिदम म्हणजे पाया! तू माझा पाया आहेस." अशी दोन वर्षं गेली. दर वर्षीच्या कार्यक्रमात सर पुढे उभे राहून डोळे मिटून लीड वाजवणार, आणि मागे सात मोठी माणसं, त्यात एक निवृत्त इंजिनियर, एक शिंपीणबाई, एक आमचा भाऊ, मुकाट त्याच चार कॉर्ड खरडणार. सगळे सरांना मान देऊन बोलायचे. मला त्या माणसाची किळस यायची.

भावाने मग लीड आपलं आपणच बसवलं. ऐकायचं, थांबवायचं, तेवढंच वाजवायचं, पुन्हा ऐकायचं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती तार वर चढली आणि हव्या त्या जागी जाऊन थांबली. माझा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. "जेव आता, गार होतंय," मी म्हणाले. एवढं कौतुक माझ्याकडून पुष्कळ झालं.

पण तारांनी त्याच्या डाव्या हाताच्या चारही बोटांना घट्टे पडले होते, आणि कवळ्यांना कडा राहायला लागल्या होत्या. पहिली सापडली तेव्हा वाटलं, झाली असेल एखादी चूक. मग दर तिसऱ्या कवळीत सापडायला लागली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने त्याच दिवशी गिटार गुंडाळून माळ्यावर टाकली असती, ओळखते मी त्याला. मी गुपचूप त्या कडा घासून टाकत होते. वर्षभर हेच चाललं होतं.

त्या वर्षी कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना सर न्हाणीघरात घसरले आणि पुढचे तीन दात गमावून बसले. सरळ आमच्या कारखान्यात आले. माझ्या टेबलापाशी वाकून त्यांनी ओठ वर केला आणि ते सुजलेलं, काळंनिळं खिंडार मला दाखवलं. परक्या तोंडांची मला सवय आहे, तरी मी खुर्ची मागे ओढली. "कार्यक्रमापुरते काहीतरी बसवून दे रे," ते भावाला म्हणाले, फसफसत. "पक्के नंतर कर. आणि यंदा लीड तुझं. शब्द देतो."

भावाने बाकीची कामं मागे सारून चार दिवसांत तीन दातांची तात्पुरती कवळी दिली. त्यातलीही कड मीच काढली.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसले होते. वहिनीही आली होती, इस्त्रीची साडी नेसून. भाऊ पुढे उभा राहिला. तेवढ्यात सर त्याच्याकडे सरकले, नवे दात दाखवत त्याच्या कानात काहीतरी बोलले आणि पाठीवर थाप मारली. भाऊ दोन पावलं मागे गेला. सरांनी त्याच्या तोंडाला अशी सरळ पानं पुसली, आणि तो मागे जाऊन कॉर्ड धरून उभा राहिला! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सरांनी मधला तुकडा घेतला, पण तो त्यांना झेपला नाही. ते ताल सोडून भरकटले आणि भलत्याच जागी चाचपडायला लागले. भाऊ थांबला असता तर तो माणूस भर सभेत तोंडावर आपटला असता. "थांब," मी दात खाऊन पुटपुटले. "थांब रे, मेल्या!" तो थांबला नाही. सरांकडे बघत त्याने हात जड केला, ठोका मोठा केला, आणि सर तो धरून परत गाण्यात आले. टाळ्या सरांना पडल्या. त्यांनी वाकून घेतल्या.

"तुला लाज कशी वाटत नाही?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"गाणं पडलं असतं, ताई," तो म्हणाला.

महिन्याभराने डॉक्टरांकडून सरांच्या पक्क्या कवळीचं माप आलं. भावाने ती तितक्याच मन लावून घडवली. माल न्यायला येणारी संध्याकाळची गाडी यायच्या आधी कवळी माझ्या हातात आली. मी बोट फिरवलं. आतल्या बाजूला, मधल्या दातामागे कड होती. पॉलिशच्या चाकावर एकदा टेकवली असती की संपलं असतं. मी सरांच्या ओठांच्या कोपऱ्यातला तो पांढरा फेस डोळ्यांपुढे आणला, आणि कवळी तशीच पुसून खोक्यात ठेवली.

"बघितलीस?" भावाने विचारलं.

"बघितली. गुळगुळीत आहे."

तो पेन शोधत होता. "मला आता बोटांना काही कळत नाही गं. वर्ष झालं. माझ्यामागे तू घासतेस, तेही माहीत आहे मला." तो हसला, जरासा ओशाळून. "म्हणून तर वाजवता आलं. नाहीतर गिटार केव्हाच सोडून दिली असती. तुझं बोट फिरलं की माझी कवळी झाली."

त्याने चिठ्ठीवर सही केली. खोकं उघडूनही बघितलं नाही. गाडीवाला दारात उभा होता, भावाने खोकं त्याच्या हातात दिलं.

माझी मला जेवढी किळस आली, तेवढी त्या सरांचीही कधी आली नव्हती. गाडी चालू व्हायला वेळ लागला, दोन-तीनदा बंद पडली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.