धारूरच्या महालातली उदबत्ती

मंडळी, आज धारूरच्या किल्ल्यावरून आम्ही तिघं धडधाकट परत आलो, म्हणून हे लिहितोय.

तिघं म्हणजे ताई, दाजी आणि मी. आमच्या दाजींना शेंदूर फासलेला दगड दिसला, की खिशातला उदबत्तीचा पुडा आपोआप बाहेर येतो. पडक्या महालात कमानीखाली असा दगड निघालाच. दाजींनी मूठभर उदबत्त्या पेटवल्या. ताई हात जोडून उभी राहिली.

धूर वर चढला आणि डोक्यावर घूंऽऽ सुरू झालं. बघतो तर कमानीला सुपाएवढं आग्या मोहोळ! मागं एकच माशी चावली, तर ताईचा श्वास अडकून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"दाजी, विझवा!" मी कुजबुजलो.

"कावून? देवापुढची उदबत्ती विझवायची न्हाई, पावणं."

मी वर बोट दाखवलं. तोवर दोन-चार माशा ताईच्या पदराभोवती फिरू लागल्या होत्या. ती डोळे मिटून जागीच थिजली होती.

दाजींनी पेटता जुडगा नुसत्या मुठीत चुरगाळला. मग ताईचा दंड धरून तिला हळूहळू बाहेर आणलं.

दरवाजाबाहेर त्यांचा पहिला प्रश्न, "पावणं, तुमी संस्कृत शिकलेले. ह्याला प्रायश्चित्त काय हाय?"

"तळहाताला मलम," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं नाही. गाडीत ताई त्यांच्या हातावर फुंकर घालत होती आणि ते सारखे मागं वळून किल्ल्याकडं बघत होते.

तुम्हीच सांगा, देव रागावला असेल का? उत्तरं दाजींना वाचून दाखवायची आहेत.