काम निघालं, काम उरकलं

मंदी आली की सरकारनं हात आखडू नये, उलट सैल सोडावा. लोकांच्या हाताला काम मिळालं की बाजार पुन्हा उठतो. सोलापूरच्या कॉलेजात हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. सिद्धान्त मांडणारा इंग्रज, पण मला तो आमच्याच शिवारातला वाटतो. पाऊस हुकला की वळसंगच्या पलीकडच्या आमच्या गावात एकच प्रश्न ऐकू येतो, "काम निगालं का?" काम म्हणजे सरकारी काम. रस्ता, बांध, नाहीतर तलाव.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. थोरला भाऊ गेल्यापासून मेंढ्यांचा कळप वहिनीच सांभाळते. चारा विकत घ्यायची पाळी आली, तशी ती कळप विकायला निघाली. तेवढ्यात गावच्या तलावाचं काम मंजूर झाल्याचं मला कळलं. मी लगेच फोन केला.

"वहिनी, मेंढ्या विकू नको. काम निघालंय. मजुरीतून चारा भागेल."

"खरं का भावजी? मग थांबते की."

माझ्या शब्दावर तिनं व्यापाऱ्याला परत पाठवलं.

काम सुरू झाल्यावर मी हौसेनं बघायला गेलो, तर तलावावर मजूर औषधालाही नाही. एक पिवळं मशीन माती उपसत होतं आणि वहिनी बाकीच्या बायांबरोबर कडेला उभी राहून बघत होती. माझं डोकंच फिरलं. कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी साहेबांना मी चांगलंच झापलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, पावसाच्या आत उरकायला नको का?"

त्यांचंही खोटं नव्हतं. सरकारला काम उरकायचं होतं, वहिनीला ते जास्त दिवस पुरायला हवं होतं. पुस्तकात मात्र हे दोन्ही एकच धरलंय. खर्च झाला, पण वहिनीच्या दारावरून पुढं निघून गेला.

तोवर मेंढ्या वाळल्या होत्या. येईल त्या भावाला तिनं कळप विकला. माझ्या शब्दावर थांबली नसती तर बरा भाव आला असता, हेच जास्त लागलं.

नंतर एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, हे प्रत्यक्षात चालतं?" म्हटलं, चालतं, पण काम कुणाच्या हातून होतंय ते आधी बघ.

पुढच्या पावसात तलाव तुडुंब भरला. वहिनी मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेली. "लई ब्येस काम झालं की, भावजी," ती मनापासून म्हणाली. मग पाण्याकडं बघत तिनं सवयीनं मेंढ्यांना हाक घातली, आणि मागं मोकळा बांध बघून घराकडं वळली.